कारचा विमा घ्यायचा कुठून? शोरूम, तालुक्याचा एजंट आणि मोबाइल: विदर्भातल्या गावखेड्यांसाठी परीक्षण

पॉलिसीच्या कागदावर एक बारीक ओळ असते: तिसऱ्या माणसाच्या मालमत्तेचं नुकसान. एजंट तिला 'टीपीपीडी' म्हणतात. त्या ओळीपुढे ₹७,५०,००० लिहिलेलं असायला पाहिजे. काही पॉलिसींत तिथे ₹६,००० असतात, आणि त्या बदल्यात हप्त्यातून फक्त १०० रुपये कमी केलेले असतात. तिन्हीसांजेला वावरातून परतणाऱ्या बंडीला कार धडकली आणि बैल दगावला, तर कायद्याच्या हिशेबात तो बैल आणि ती बंडी दोन्ही 'मालमत्ता'. चांगली बैलजोडी आज लाखाच्या पुढे जाते. अशा वेळी कंपनीची जबाबदारी सहा हजारांवर थांबते आणि उरलेली रक्कम गाडीमालकाला भरावी लागते. बंड्या, ढोरं आणि रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्यांच्या रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्यानं ही शंभराची बचत कधीच घेऊ नये.

सुरुवात या ओळीनं केली, कारण विमा विकणाऱ्या तिन्ही ठिकाणांची पारख अशाच ओळींवर होते. शोरूमचा काउंटर, तालुक्याच्या ठिकाणचा एजंट आणि मोबाइलवरची खरेदी, तिघेही त्याच कंपन्यांच्या पॉलिसी विकतात. फरक पडतो तो काय विचारलं, काय भरलं, काय सांगितलं नाही आणि क्लेमच्या दिवशी फोन कोण उचलतं यात.

कंपनी नेमकं काय तोलते

पुष्कळांना वाटतं की विमा कंपनी चालवणाऱ्याची परीक्षा घेते: वय किती, हात कसा, चालान किती. आपल्याकडे अजून मुख्यतः गाडी तोलली जाते. गाडीचं मॉडेल, किती सीसी, पेट्रोल की डिझेल, वय, कोणत्या आरटीओची पासिंग, आणि मागच्या वर्षांत क्लेम झाला का. काही कंपन्या मालकाचं वय आणि व्यवसाय विचारतात, पण हप्त्यावर मोठा परिणाम होतो तो मॉडेल, वय आणि क्लेमच्या इतिहासाचा. एखाद्या मॉडेलचे क्लेम त्या भागात जास्त आले की त्या मॉडेलवरची सूट कमी होते, मग चालवणारा कितीही सांभाळून चालवो.

थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीच्या, भागाचा दर तर कंपनी ठरवतच नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे खासगी कारला वर्षाला १००० सीसीपर्यंत ₹२,०९४, १००० ते १५०० सीसी ₹३,४१६ आणि त्यावर ₹७,८९७. नवीन गाडीला हा भाग तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं सप्टेंबर २०१८ पासून तसं झालं. म्हणून 'आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त' असं कोणी सांगितलं तर कागद नीट बघावा. तिथं स्वस्त होण्यासारखं फारसं काही उरत नाही. दर कमी दिसत असेल तर वर सांगितलेले शंभर कापले आहेत, सीसी चुकीची टाकली आहे, नाहीतर पॉलिसीच खोटी आहे.

कंपन्यांची खरी चढाओढ असते ती 'ओन डॅमेज' भागात, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागात. १ जानेवारी २००७ पासून त्याचे दर मोकळे झाले, तरी बहुतेकांचा हिशेब अजून जुन्या टेरिफच्या (ठरवून दिलेल्या दरपत्रकाच्या) टक्केवारीवरून सुरू होतो. त्या टेरिफमध्ये खासगी कारसाठी देशाचे दोन झोन. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद हे 'ए', बाकी सगळं 'बी'. नागपूरही 'बी' आणि सिरोंचाही 'बी'.

एक हिशेब मांडू. साडेतीन वर्षांची, ११९७ सीसीची पेट्रोल कार, पासिंग एमएच २९ (यवतमाळ), आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) चार लाख. झोन बीचा दर ३.१९१ टक्के, म्हणजे ₹१२,७६४. कंपनीनं पन्नास टक्के सूट दिली असं धरू, राहिले ₹६,३८२. तीन वर्षं क्लेम नाही म्हणून एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, ३५ टक्के. त्याचे ₹२,२३४ गेले की उरतात ₹४,१४८. त्यात थर्ड पार्टी ₹३,४१६ आणि मालक-चालक अपघात कव्हर सुमारे ₹३५०. बेरीज ₹७,९१४, त्यावर १८ टक्के जीएसटी ₹१,४२५. एकूण ₹९,३३९. झिरो डेप (सुट्या भागांच्या जुनेपणाची घट न कापणारं कव्हर), इंजिन कव्हर वगैरे याच्या वरून.

आता हीच गाडी पुण्याहून आणलेली, एमएच १२ पासिंगची असती तर झोन एचा दर ३.२८३ टक्के लागला असता. सूट धरण्याआधीचा फरक ₹३६८. म्हणजे गावात सांगितलं जातं तितका हा फरक मोठा नाही. हप्ता खरा हलतो तो आयडीव्ही आणि सूट यांच्यामुळे. आणि आयडीव्ही कमी करणं हीच स्वस्त पॉलिसी दाखवण्याची सगळ्यात सोपी युक्ती.

आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार चेंदली तर मिळणारी जास्तीत जास्त रक्कम. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या चालू किमतीतून वयाप्रमाणे घट धरतात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोनपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. पाच वर्षांवर विमा कंपनी आणि मालकानं मिळून ठरवायची. वरच्या हिशेबात चार लाखांची आयडीव्ही सव्वातीन लाख केली की हप्ता नऊशेच्या आसपास उतरतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी 'टोटल लॉस' धरतात. आयडीव्ही खाली आणली की ही रेषाही खाली येते. नीट होण्यासारखी गाडी मग भंगाराच्या हिशेबात जाते आणि हाती पंचाहत्तर हजार कमी येतात.

एनसीबी: मालकाची कमाई

क्लेम न करता वर्ष काढलं की सूट वाढत जाते: २०, २५, ३५, ४५, ५० टक्के. ही सूट ओन डॅमेजवरच मिळते, आणि तीही माणसाची असते, गाडीची नव्हे. जुनी गाडी विकली की कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्यावं. ते तीन वर्षं चालतं आणि नवीन गाडीला लावता येतं. हे पत्र न मागताच गाडी विकणारे खेड्यांत फार. नव्या गाडीच्या ओन डॅमेजवर निम्मी सूट म्हणजे कित्येक हजार रुपये, ते तसेच सोडून दिले जातात.

उलट बाजूनं जुनी गाडी घेणाऱ्याला 'एनसीबीसकट पॉलिसी देतो' असं सांगतात. तसं होत नाही. आरसी नावावर झाली की नव्या मालकानं १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा, आणि जुन्या मालकाला मिळालेल्या एनसीबीचा फरक भरावा. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर आपोआप येतं. ओन डॅमेजचं येत नाही. आरसी एकाच्या नावावर आणि पॉलिसी दुसऱ्याच्या, अशा गाडीचा क्लेम अडतो, आणि तो कंपनीच्या आडमुठेपणानं अडत नाही. करारच त्या माणसाशी झालेला नसतो.

अर्जात 'मागच्या वर्षी क्लेम झाला का' या रकान्यात एजंट सवयीनं 'नाही' टाकतो, कारण त्यामुळे हप्ता कमी दिसतो. हा रकाना स्वतः वाचावा. क्लेमची माहिती मागच्या कंपनीकडे असते आणि ती पडताळली जाते. खोटी एनसीबी सापडली की ओन डॅमेजचा क्लेम कापला किंवा नाकारला जातो. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की सगळी एनसीबी जाते. सोयाबीन विकून भरू म्हणून लांबवणाऱ्यांचं इथेच नुकसान होतं.

शोरूमचा काउंटर

नवीन गाडीबरोबर शोरूम जी पॉलिसी देतं ती घेतलीच पाहिजे असा नियम नाही. डीलरला विमा विकायची परवानगी आहे, सक्ती करायची नाही. कोटेशनमध्ये विम्याची रक्कम वेगळी मागावी आणि त्याच कव्हरचा भाव बाहेर काढावा. शोरूमचा भाव बहुतेक वेळा जास्त निघतो, कारण सूट कमी दिलेली असते आणि न मागितलेली चार-पाच ॲड-ऑन (जादा पैशांची वेगळी कव्हरं) जोडलेली असतात.

तरी पहिल्या तीन वर्षांसाठी शोरूमची बाजू आम्हाला जड वाटते. कॅशलेस क्लेमचं सगळं काम तिथेच होतं, कंपनीतर्फे नुकसान तपासणारा सर्व्हेअर तिथे नेहमी येतो-जातो, इस्टिमेट ठरलेल्या नमुन्यात बनतं, जीएसटी बिलाचा प्रश्न नसतो. यवतमाळ, अमरावती, अकोला, चंद्रपूर, वर्धा या शहरांच्या तीस-चाळीस किलोमीटरमध्ये राहणाऱ्याला दोन-तीन हजार जास्त देणं परवडतं. एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, धारणी, चिखलदरा या बाजूच्या माणसाला त्या सोयीचा उपयोग कमी, कारण बंद पडलेली गाडी तिथपर्यंत नेणं हाच मोठा खर्च. मूळ पॉलिसीत गाडी ओढून नेण्याचे कारला फक्त १,५०० रुपये धरलेले असतात. टोचनवाला दीडशे किलोमीटरचे त्याच्या कितीतरी पट घेतो. रोड साइड असिस्टन्स घेताना म्हणून 'फुकट टोइंग किती किलोमीटर' हा आकडा वाचावा. तो पन्नास असेल तर दूरच्या तालुक्यांना त्याचा अर्धाही आधार नाही.

तालुक्याचा एजंट

बाजार चौकात, सेतूजवळ, आरटीओच्या कॅम्पच्या दिवशी तहसीलसमोर, विमा एजंट सगळीकडे बसलेले असतात. बरेच जण पीओएसपी (पॉइंट ऑफ सेल्स पर्सन) असतात: दहावी पास, पंधरा तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा. चांगला एजंट असेल तर ग्रामीण गिऱ्हाइकाला यापेक्षा चांगला दरवाजा नाही, हे आमचं मत स्पष्ट आहे. रात्री दहाला कळंबच्या फाट्यावर गाडी आदळली तर टोल फ्री नंबरवर हिंदीत बटणं दाबत बसण्यापेक्षा त्याला केलेला एक फोन कामाचा. तो क्लेम नंबर घेतो, सर्व्हेअरचा नंबर काढून देतो, गॅरेजवाल्याला इस्टिमेट कसं लिहायचं ते सांगतो.

चांगला एजंट ओळखायचा कसा? तो आरसीचा फोटो मागतो तेव्हा जुनी पॉलिसीही मागतो. गाडी कोणाच्या नावावर आणि चालवतं कोण, हे विचारतो. आणि एक प्रश्न विचारतो, जो बाकीचे टाळतात: गाडी भाड्यानं जाते का?

हा प्रश्न आपल्याकडे महत्त्वाचा. खासगी पासिंगची सात सीटर लग्नसराईत सवाऱ्या घेऊन फिरते, बाजाराच्या दिवशी काळीपिवळीसारखी फाट्यावर उभी राहते. खासगी कारची पॉलिसी भाड्याच्या वापराला लागू नसते. अपघातानंतर सर्व्हेअर किंवा तपासनीस गाडीतल्या लोकांचे जबाब घेतो, 'किती दिले?' एवढंच विचारतो, आणि एका सवारीनं साठ रुपये सांगितले की क्लेम अडतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये अशाच एका प्रकरणात खासगी विम्याची गाडी भाड्यानं वापरली म्हणून पूर्ण नकार न देता ७५ टक्के रक्कम द्यायला लावली होती. पण तिथपर्यंत पोहोचायला वर्षं लागतात. भाड्यानं चालवायची असेल तर टॅक्सी परवाना आणि व्यावसायिक पॉलिसी हाच मार्ग.

दुसरी गोष्ट लग्नाच्या वऱ्हाडाची. गाडीला 'फक्त थर्ड पार्टी' पॉलिसी असेल तर खासगी कारमध्ये बसलेली मंडळी त्यात येत नाहीत. रस्त्यावरचा माणूस येतो, आत बसलेला मामा येत नाही. पॅकेज पॉलिसीत, ज्याला आपण फुल इन्शुरन्स म्हणतो, आतले लोक धरले जातात. जुनी गाडी म्हणून थर्ड पार्टीवरच ठेवायची असेल तर निदान प्रत्येक सीटमागे लाखाचा प्रवासी अपघात विमा मागून बघावा. टेरिफच्या हिशेबानं तो सीटमागे पन्नास रुपयांच्या आसपास बसतो. पगारी ड्रायव्हर असेल तर त्याच्या जबाबदारीचे ५० रुपये वेगळे भरावेत.

तिसरी गोष्ट मालक-चालक अपघात कव्हर. हे १५ लाखांचं असतं आणि मालकाकडे चालू लायसन असेल तरच लागू होतं. गाडी वडिलांच्या किंवा आईच्या नावावर, त्यांच्याकडे लायसन नाही, चालवतो मुलगा, हे चित्र गावोगाव आहे. अशा पॉलिसीत या कव्हरचे पैसे दरवर्षी घेतले जातात आणि त्यातून कोणालाच काही मिळू शकत नाही. मालकाला लायसन नाही हे अर्जात लिहावं, ते पैसे वाचवावेत आणि मुलाच्या नावानं वेगळा वैयक्तिक अपघात विमा काढावा. मुलाकडे चालू लायसन असेल तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम मात्र मिळतो. चालक मालकच असावा अशी अट नसते.

एजंटाच्या दरवाजाची कमजोर बाजू पैशाची. रोख घ्यायचे, संध्याकाळी भरतो म्हणायचं आणि दोन दिवसांनी भरायचे. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे हप्ता जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. पॉलिसीवर सुरू होण्याची तारीखच नाही, तासही छापलेला असतो, तो बघावा. पैसे शक्यतो कंपनीच्या लिंकवर स्वतःच्या यूपीआयनं भरावेत. पॉलिसी आली की क्यूआर कोड स्कॅन करावा आणि सरकारच्या एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विम्याची तारीख चढली का बघावं. खोट्या पॉलिसी विकल्या जातात, आणि त्या उघडकीला येतात त्या अपघातानंतरच.

न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्यांचाही विचार व्हावा. हप्ता कधी थोडा जास्त असतो, पण जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन माणसासमोर कागद ठेवता येतो. मोबाइलवर कागद चढवणं ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी ही सोय मोठी.

मोबाइलवरची खरेदी

भाव सगळ्यात कमी, आणि सगळे पर्याय डोळ्यांसमोर. ज्याला आरसी वाचता येते आणि वर सांगितलेल्या ओळी कळतात त्यानं इथून घ्यावं. चूक होते ती घाईत. पासिंगची तारीख आणि बनावटीचं वर्ष वेगळं असतं, मॉडेलचा व्हेरिएंट चुकतो, कर्ज फिटलेलं असूनही बँकेचं नाव राहून जातं. ते नाव आरसीवरून फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी देऊन काढावं आणि पॉलिसीवरूनही. नाहीतर टोटल लॉसचे पैसे बँकेच्या नावानं निघतात. सीएनजी किट नंतर बसवलं असेल तर ते आरसीवर चढलेलं पाहिजे आणि पॉलिसीत वेगळं दाखवलेलं पाहिजे: किटच्या किमतीच्या ४ टक्के ओन डॅमेजमध्ये आणि ६० रुपये थर्ड पार्टीत. घरगुती सिलेंडरवर जोडलेल्या किटची गाडी जळाली तर कोणाकडेही दाद मागता येत नाही.

पॉलिसी एक दिवसही खंडित झाली तर गाडीची तपासणी होते. ऑनलाइनवाले लिंक पाठवतात आणि गाडीभोवती फिरून व्हिडिओ मागतात: चारही कोपरे, काच आतून-बाहेरून, इंजिन सुरू असताना मीटर, चेसिस नंबर. लिंक ठराविक वेळेत बंद होते आणि अर्ध्या गावात रेंज नसते. ही तपासणी तालुक्याच्या ठिकाणी, दुपारच्या उजेडात, गाडी धुऊन करावी. चिखलानं भरलेल्या पत्र्यावर जुना डेंट दिसत नाही म्हणून कोणी खूश होतं. कंपनी ती गाडी नाकारते किंवा नंतरच्या क्लेममध्ये तोच पत्रा जुना धरून वगळते.

जुलै २०२२ पासून 'जितकी चालवाल तितके भरा' आणि 'जशी चालवाल तसे भरा' असे प्रकार ॲड-ऑन म्हणून आले. पहिला गावाकडच्या बऱ्याच गाड्यांना सोयीचा आहे. आठवडी बाजार, दवाखाना, लग्नं, एवढ्यावर वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर होतात. मर्यादा ओलांडली तर काय होतं आणि वाढीव किलोमीटर कधी विकत घ्यावे लागतात ते आधी वाचावं. दुसऱ्यात मोबाइल ॲप किंवा उपकरण वेग, अचानक ब्रेक, वेगाची उसळी नोंदवतं आणि त्यावरून गुण देतं. चालवणाऱ्याची खरी पारख इथूनच सुरू होते. पण दर दोनशे मीटरवर खड्डा आणि आडवी येणारी ढोरं असलेल्या रस्त्यावर सावध माणसालाच जास्त वेळा ब्रेक मारावा लागतो. ते गुण कसे मोजले जातात हे लेखी मिळाल्याशिवाय आम्ही हा प्रकार घ्या म्हणणार नाही.

आपल्या भागातली मोडतोड आणि पॉलिसीची भाषा

रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर. सोंगणीच्या दिवसांत, पहाटे आणि अंधार पडताना, रोही सरळ बोनेटवर येतो. पुढचं सगळं जातं. साडेतीन वर्षांच्या गाडीचा असा हिशेब मांडू: बंपर ५,०००, हेडलाइट ९,०००, बोनेट ८,०००, पुढची काच ७,०००, रेडिएटर-कंडेन्सर १२,०००, मजुरी ७,०००, पेंटिंग १०,०००. बिल ५८,०००. प्लास्टिकवर ५० टक्के घट, म्हणजे बंपरचे २,५०० आणि लाइटचे ४,५०० मिळाले. तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या लोखंड-धातूवर २५ टक्के घट. बोनेटचे ६,००० आणि रेडिएटरचे ९,०००. काच पूर्ण, मजुरी पूर्ण. पेंटिंगच्या बिलाचा चौथा भाग रंगाचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणून ८,७५०. बेरीज ४४,७५०. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीचे सक्तीचे १,००० वजा. मिळाले ४३,७५०, खिशातून १४,२५०. कूलंट, एसी गॅस, नट-बोल्ट वेगळे. झिरो डेप असतं तर घटीचे १३,२५० वाचले असते. जंगलाकडेच्या रस्त्यांवर रोज फिरणाऱ्या, पाच वर्षांच्या आतल्या गाडीला झिरो डेप घ्यावंच. वर्षात किती क्लेम चालतात ते विचारावं, बऱ्याच ठिकाणी दोनच. रोही मेला असेल तर वनखात्याला कळवावं. त्यांच्या पंचनाम्याची प्रत क्लेमलाही कामी येते.

पाणी. नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घातली की हवेच्या नळीतून पाणी सिलेंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बंद पडल्यावर पुन्हा सेल्फ मारला की नुकसान पूर्ण होतं. मूळ पॉलिसीत पूर हा धोका धरलेला आहे. अंगणात उभी गाडी बुडाली तर सीट, वायरिंग, साफसफाई मिळते. पण पाण्यात चालवून किंवा सेल्फ मारून गेलेलं इंजिन 'परिणामी नुकसान' म्हणून वगळतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट लागतं. वर्धा, पैनगंगा, वैनगंगा, पूर्णा यांच्या काठच्या गावांना आम्ही झिरो डेपच्याही आधी हे ॲड-ऑन सुचवू. बंद पडलेली गाडी ढकलून बाहेर काढावी, बॅटरीची वायर सोडावी, फोटो काढावेत आणि किल्लीला हात लावू नये.

उंदीर. कापूस किंवा तुरी भरलेल्या कोठ्याशेजारी उभ्या गाडीची वायरिंग पावसाळ्यात हमखास कुरतडली जाते. याबाबत कंपन्यांचं वागणं एकसारखं नाही. कोणी मूळ पॉलिसीत देते, कोणी वेगळं ॲड-ऑन मागते. घेण्याआधी लेखी विचारावं. टायरचं उलट ठरलेलं आहे: उन्हाळ्यात नुसता टायर फुटला तर काही नाही, त्यासोबत गाडीचंही नुकसान झालं तर टायरचे निम्मे.

क्लेमच्या दिवशी

नंबर दिसेल असे फोटो, रस्त्याचा फोटो, मग कंपनीला फोन आणि क्लेम नंबर. माणूस जखमी असेल तर आधी दवाखाना, मग पोलीस ठाणे. सर्व्हेअरनं बघण्याआधी गाडी खोलू नये. गॅरेजवाला मदतीच्या भावनेनं बंपर काढून ठेवतो आणि आतला भाग याच अपघातात गेला हे सिद्ध करणं अवघड होतं. २०२४ च्या नियमांनुसार कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, १५ दिवसांत त्याचा अहवाल यायचा आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीनं निर्णय द्यायचा. या मुदती तोंडपाठ असाव्यात.

गावातल्या मिस्त्रीकडे काम केलं तर अडचण बिलाची. कोऱ्या चिठ्ठीवरचे आकडे सर्व्हेअर धरत नाही किंवा फार कमी धरतो. सुटे भाग जीएसटी बिलानं स्वतः विकत घ्यावेत, मजुरीचं बिल नाव-पत्त्यासह छापील घ्यावं, पैसे खात्यातून द्यावेत, बदललेले भाग ठेवून द्यावेत. पुनर्तपासणीला ते मागतात. सहा-सात हजारांपर्यंतच्या कामाला क्लेम करू नये. घट आणि सक्तीचे हजार जाऊन हाती तीन-साडेतीन हजार येतात, आणि वरच्या उदाहरणातल्या गाडीची पुढच्या नूतनीकरणाला ३५ वरून ४५ टक्के होणारी एनसीबी शून्य होते. ती परत ४५ वर यायला चार वर्षं.

चोरीचा क्लेम सगळ्यात लांबतो. लगेच एफआयआर, त्याच दिवशी कंपनीला लेखी, आणि दोन्ही किल्ल्या. दुसरी किल्ली हरवली असेल तर चोरीच्या आधीच त्याची नोंद केलेली बरी, कारण तपासनीस पहिली तीच मागतो. पुढे पोलिसांची 'अ समरी', म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी-माल मिळाला नाही असा न्यायालयात गेलेला अहवाल, लागतो. तो आल्याशिवाय बहुतेक कंपन्या पैसे सोडत नाहीत, म्हणून ठाण्यात दर पंधरा दिवसांनी चौकशी ठेवावी.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागावं, पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली ते लिहून. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल: फी नाही, वकील नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे, नकारापासून एका वर्षाच्या आत. विमा नियामक आयआरडीएआयच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ग्राहक आयोग आहेच. पीयूसी नव्हती एवढ्याच कारणानं नाकारलेला क्लेम मुकाट्यानं सोडू नये; आयआरडीएआयनं २०२० मध्येच तसं करता येत नाही हे स्पष्ट केलं आहे.